दसऱ्यात धुऊन निघालेली चिठ्ठी

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू येतं ते लोणच्यासाठी आणि मिरची येते ती ठेच्यासाठी. दारावर टांगायला नाही. अमावस्येला मी केस धुते, तिन्हीसांजेला झाडू मारते, आणि कुणी बुवा दारात आलाच तर पाणी देऊन वाटेला लावते. तरी हे लिहितेय... कारण चार वर्षं झाली, आणि ‘तुम्हीच काहीतरी केलं असेल’ असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय.

साल २००३. जालन्यात, अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कॉलनीत आमचं घर. मी घरी बसून शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचे. पुढच्या खोलीत असेंबल केलेला कम्प्युटर, विंडोज ९८, शेजारी कूलर. मागच्या खोलीत सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी आत्याबाईंनी मला चिठ्ठी लिहायला बसवलं. त्यांच्या लेकीला, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेला, सुमनताईंना. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या सांगायच्या आणि मी जसंच्या तसं टाइप करायचे. “सुमन, दसरा काढायला येशील तवा...” इथवर आल्या आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. बाकीचं दुपारून सांगते.”

दुपारी जेवून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. मी पुढच्या खोलीत टाइप करत बसले होते.

सुमनताई केदारखेड्याहून आल्या आणि चार बायांसमोर म्हणाल्या, “ही त्या डब्यासमोर बसून राह्यली, आन् माझी माय पानी-पानी करत गेली.” मी तिथल्या तिथे भांडले. पानी-पानी कुणी ऐकलं? कुणीच नाही! पण कूलरचा आवाज एवढा होता, की हाक आली नव्हती असं मीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. तोंडानं भांडत होते, आणि मोरीत नळ सोडून रडत होते. खरंच हाक मारली असेल तर? हा प्रश्न मला सहा महिने खात होता. अर्धी चिठ्ठी आहे, बघा, असं मी सुमनताईंना तेव्हाच म्हटलं होतं. “त्या डब्यातलं मला काई नको,” म्हणाल्या.

आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली गोधडी न् गोधडी, डबा न् डबा बाहेर काढून धुवायचा; बिनधुतलं काही राहता कामा नये. सुमनताईंचा माझ्याशी अबोला होता, पण माहेरच्या दसऱ्याला त्या आल्याच.

मला वाटलं, कम्प्युटर तरी का सुटावा? व्हायरसनं तो आधीच बेजार होता. सकाळी प्रश्नपत्रिका फ्लॉपीत काढून घेतल्या, सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला, सीडीवरून विंडोज टाकलं. ते होईपर्यंत इकडे गोधड्या आपटल्या. मग बंद करून कॅबिनेट उघडलं, ब्लोअरनं धूळ उडवली, रॅम काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. कीबोर्ड सोडवून त्याची बटणं उपसली आणि परातीत साबणाच्या पाण्यात टाकली. सुमनताईंनी ती परात ओढली आणि अंगणात जुन्या ब्रशनं एकेक बटण घासायला बसल्या.

घासता घासताच म्हणाल्या, “वैनी, आईची ती चिट्ठी... दावा बरं आज. लई दिवस राग धरला मी.”

सकाळी मला चिठ्ठीची आठवणच राहिली नव्हती. चिठ्ठी सी ड्राइव्हवरच होती. गोधड्यांसोबत मी तीही धुऊन काढली होती.

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. “ताई, सकाळी पुसली गेली. माझ्याच हातनं.”

“आधी माय, आता तिची चिट्ठीबी,” एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी तरातरा आत गेले आणि काहीतरी करायचं म्हणून, रॅम नीट बसली का बघायला, बटण दाबलं. कीबोर्ड जोडलेला नसला की हे यंत्र ‘कीबोर्ड एरर’ दाखवून अडून बसतं, पुढे सरकत नाही. आमचा कम्प्युटर तर हमखास अडायचा. त्या दिवशी अडला नाही. विंडोज उघडलं. पाठोपाठ वर्डपॅड उघडलं... आणि त्यात आत्याबाईंची चिठ्ठी! मराठीत. नव्या विंडोजमध्ये मी मराठी फॉन्ट अजून टाकलाच नव्हता. त्याची फ्लॉपी कपाटात होती.

“ताई, इकडे या!” मी ओरडले. त्या ओल्या हातानं आल्या. मी टाइप केलेलं ‘तवा’पाशी संपत होतं. इथे पुढे होतं —

‘...येशील तवा वैनीला बोल लावू नको. मी कुनाला हाक मारली न्हाई. झोप लागली ती लागली. तिच्या हातचं वरन मातर लई पातळ ऱ्हातं, तेवढं तिला शिकव. जल्दी ये.’

“हे तुमीच आत्ता लिवलं,” सुमनताई म्हणाल्या.

“कशानं?” मी विचारलं.

त्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. मुठीत बटणं होती. मग त्या मटकन खाली बसल्या आणि आईच्या नावानं मोठ्यानं रडल्या. मीही रडले, मोरीत न जाता. रडणं ओसरल्यावर त्यांनी कॅलेंडरचं पान फाडून मागच्या बाजूला सगळं उतरवून घेतलं. शेवटचा शब्द लिहून झाला आणि रोजच्या वेळेला लाइट गेली.

लाइट आल्यावर कम्प्युटर ‘कीबोर्ड एरर’वर अडला, नेहमीसारखा. बटणं बसवून कीबोर्ड जोडला, सगळा ड्राइव्ह धुंडाळला. चिठ्ठी नव्हती. दुरुस्तीवाले म्हणाले, “ताई, पुसलेली फाइल येते कधीकधी वर.” येत असेल बाबा! पण जे टाइपच केलं नव्हतं, ते कुठून वर आलं? आणि फॉन्ट? “बघून सांगतो,” म्हणाले. अजून बघताहेत.

मी अजूनही भूत मानत नाही. माझ्याकडे उत्तर नाही, तर नाही. एक मात्र कबूल करते. ‘हाक मारली न्हाई’ हे वाक्य त्या सहा महिन्यांत मी मनात शंभरदा लिहिलं होतं. त्यावरून कुणाला मीच लबाडी केली असं म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा. पण माझं वरण पातळ असतं, हे मी मेले तरी स्वतःच्या हातानं लिहिणार नाही. सुमनताई मला पुरत्या ओळखतात. त्यांनी त्या दिवसानंतर मला एकदाही बोल लावलेला नाही.