यादीतली पहिली ओळ

आमच्या शिवारात हळद शिजवायचा कुकर नेमका कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. ट्रॅक्टरमागे जोडलेले ते वाफेचे ड्रम या शेतातून त्या शेतात फिरतात. आपली पाळी आली की घरातलं माणूस न् माणूस हातातलं टाकून शेताकडे पळतं. पाळी हुकली तर पुन्हा आठ दिवस वाट बघायची. त्या दिवशी मीही तसाच पळालो आणि पुण्यातल्या एका मशीनवरची यादी बदलून तशीच सोडून गेलो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कळमनुरीला शिकलो. नोकरी पुण्याच्या एका लहान कंपनीची, पण काम घरून, आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या आमच्या गावातून. औषधांचा पुरवठा करणाऱ्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा सगळा कारभार ज्या जुन्या धाटणीच्या कॉम्प्युटरवर चालतो, तो सांभाळणाऱ्या गटात मी सगळ्यात नवा होतो. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचं काम नाही. मला ते मशीन आवडायचं आणि त्याची भीतीही वाटायची. सांगितलं तेवढंच ते करतं, आणि सांगणारा चुकला का, हे विचारत नाही.

त्यावर फाइली आणि प्रोग्राम लायब्ररींमध्ये ठेवलेले असतात. लायब्ररी म्हणजे कपाटच समजा. कुठलंही काम, म्हणजे तिथला जॉब, सुरू झालं की त्याच्यासोबत अशा कपाटांची एक यादी असते. हवी ती फाइल ते सगळ्यात वरच्या कपाटापासून शोधत येतं आणि सापडली की तिथंच थांबतं. त्याच नावाची खरी फाइल खाली असली तरी तिकडे बघत नाही.

मला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "स्वतःच्या जॉबची यादी हवी तशी बदल. तू बाहेर पडलास की ती गेली. पण जॉब डिस्क्रिप्शनमधली, म्हणजे कामाच्या कायमच्या साच्यातली, यादी बदललीस, तर ती तशीच राहते. त्यावरून सुरू होणारं प्रत्येक काम तीच यादी घेतं. तिथं मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

मी हात लावला. व्यापाऱ्याकडे एक फाइल होती, थांबवलेल्या बॅचची. ज्या औषधात खोट निघाली, त्याचा बॅच नंबर त्या फाइलमध्ये जायचा. रोज चार वाजता आपोआप सुरू होणारं काम ती फाइल वाचून ते बॅच वगळायचं आणि गाड्यांत भरायच्या मालाची यादी काढायचं. मला त्यातला एक बदल तपासायचा होता, म्हणून चाचणीसाठीच्या टेस्ट लायब्ररीत मी त्या फाइलची नक्कल ठेवली होती. तीत दोनच ओळी, दोन्ही खोट्या. माझ्या जॉबमध्ये सगळं बराबर चाललं. आता ते आपोआप सुरू होणाऱ्या कामासारखं चालवून बघायचं होतं. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. दहा मिनिटांनी परत काढू, असं म्हणून मी त्या चारच्या कामाच्या जॉब डिस्क्रिप्शनच्या यादीत टेस्ट लायब्ररी सगळ्यात वर टाकली.

तेवढ्यात दारातून वडिलांचा आवाज आला, "ऊठ, कुकर आला!"

शेतात ड्रम भरताना, शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरताना मला मशीनची आठवणही झाली नाही. कुकरवाला चेष्टा करत होता. "इंजिनिअर साहेब, घमेलं उचला. तुमच्या कम्प्युटरात हळद शिजत न्हाई!" सगळे हसले, मीही हसलो. मग तोच वडिलांना म्हणाला, "दादा, हात चालवा. चार वाजता मी पलीकडच्या वावरात जाऊन राहिलो."

चार वाजता. माझ्या हातातलं घमेलं खाली पडलं. चारचं काम आता माझी ती खोटी नक्कल वाचणार होतं.

"काहून रे? काय झालं?" वडिलांनी विचारलं. मी मोटारसायकलकडे पळालो. सव्वातीन वाजले होते.

घरी लाइट गेलेली. राउटर बंद. मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो तर सिग्नलची एकच काडी. त्यावरून लॅपटॉप जोडायला बघितला. गोल फिरत राहिलं आणि तुटलं. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. खरं सांगायचं तर तेव्हा डोक्यात औषधं नव्हतीच. मॅडमना कळायच्या आत ती एक ओळ काढायची, एवढंच होतं. कळलं तर नोकरी जाईल, आणि गावात सगळे म्हणतील, शिकून काय केलं. मी तिसऱ्यांदा जोडलं. साडेतीन वाजून गेले होते.

आई चहाची किटली घेऊन शेताकडे निघाली होती. जिन्याखालून वर बघत म्हणाली, "लेकरा, तोंड काहून असं झालं? पाणी पी जरा." मी खाली आलो. माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला तिच्या इन्सुलिनचा डबा होता. लाइट गेली की ती तो फ्रिजमधून काढून तिथं ठेवते.

मी त्या डब्याकडे बघत राहिलो. मग पाणी न पिता पुन्हा गच्चीवर गेलो आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी जॉब डिस्क्रिप्शनची यादी बदलली. टेस्ट वर आहे. चारचं काम—"

"कुठलं डिस्क्रिप्शन?"

मी नाव सांगितलं. त्या काहीतरी बोलल्या आणि फोन कटला. परत लावला तर लागेना. तीन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. त्यांनी नाव नीट ऐकलं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. चार वाजले. चार वाजून पाच झाले. दूरवर कुकरची वाफ दिसत होती आणि मी हळदीच्या पिवळ्या हातांनी पुन्हा पुन्हा नंबर लावत होतो. चार वाजून चौदा मिनिटांनी फोन वाजला.

"काम चारच्या आधीच होल्डवर टाकलंय," मॅडम म्हणाल्या. "यादीला मी हात लावलेला नाही. तुझं नेट आलं की तूच ती नीट कर. मी फोनवर थांबते."

लाइट साडेपाचला आली. मी ती ओळ काढली. त्यांनी मला यादी वरून खाली मोठ्यानं वाचायला लावली, दोनदा. मग होल्ड काढला. निघालेल्या मालाच्या यादीत मी थांबवलेला एकेक बॅच शोधला. एकही नव्हता. पण त्या खऱ्या फाइलमध्ये इन्सुलिनचे दोन बॅच होते. ते तेव्हा मी पहिल्यांदा बघितले.

"आता मला विचारशील?" मॅडमनी विचारलं.

"हो," म्हणालो. 

आई शेतातून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. यादी वगैरे तिला किती समजलं, माहीत नाही. खराब औषध गाडीत जाणार होतं, एवढं समजलं. तिनं फडकं सोडून डबा उघडला, आतली बाटली काढली आणि तिच्यावरचे बॅचचे बारीक आकडे ट्यूबलाइटच्या उजेडात धरून बघितले. आईला वाचता येत नाही.

"हे वाच," ती म्हणाली.

मी एकेक अक्षर वाचलं. मग पडद्यावरच्या इन्सुलिनच्या त्या दोन बॅचशी ते ताडून बघितलं. जुळलं नाही. तरी पुन्हा एकदा, वरून खाली.