दहावा रिबाउंड

आधी आकडा बघायचा, मग माणूस, हा प्रबोध सुर्व्यांचा जुना शिरस्ता. तीस वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथे दर पाळीला तापमान आणि दाब आधी कच्च्या वहीत टिपायचे, मग पक्क्या लॉगबुकात उतरवायचे. कच्ची वही खरं बोलते, पक्की वही चारचौघांत बोलावं तसं बोलते, असं त्यांचं मत होतं. त्यांची बायको स्मिता म्हणायची की ह्यांना देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागतील.

समुद्र सोडून ते सिंगापूरच्या सेम्बावांग भागात स्थिरावले त्या सुमारास इथे पगारी खेळाडूंची पहिली बास्केटबॉल लीग सुरू झाली. आकडे टिपायला माणसं हवी होती. सुर्वे गेले, आणि पहिल्याच सामन्याला टेबलावर त्यांच्या शेजारी मिस्टर कोह बसले. कोहनी गुण आणि असिस्ट, म्हणजे कोणाच्या पासवर बास्केट झाली ते, टिपायचे, सुर्व्यांनी रिबाउंड, म्हणजे नेम हुकलेला बॉल कोणी धरला ते. लीग मोठी झाली, टेबलावर लॅपटॉप आले, हे दोघे घरी बसले. पण दर रविवारी सकाळी कोह राहायचे त्या हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि टोस्ट घ्यायचा नेम पंधरा वर्षं चुकला नाही. परक्या मुलखात सुर्व्यांनी जोडलेला हा एकच मित्र.

यंदा लीगने पंधरा वर्षं साजरी करायची ठरवली आणि त्या पहिल्या सामन्याचा तक्ता वेबसाइटवर टाकला. आठ नंबरचा डेरेक लिम: गुण अठरा, असिस्ट अकरा, रिबाउंड दहा. तिन्ही आकडे दोन अंकी, म्हणजे लीगमधला पहिला ट्रिपल-डबल. शनिवारी डेरेकचा सत्कार होणार होता, आणि मानचिन्ह कोह देणार होते.

दहा? सुर्व्यांच्या मनात पाल चुकचुकली. कपाटातून त्यांनी स्वतःची कच्ची वही काढली. तिथे डेरेकपुढे नऊ रेघा होत्या. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या, नऊच.

मग संशयाला काय, पाय फुटायला वेळ लागतो थोडाच. टेबलावरचे पक्के तक्ते सामन्यानंतर कोणाकडे होते? कोहकडे. डेरेकला शाळेत बास्केटबॉल कोणी शिकवलं? कोहनी. आपला तो बाब्या! सुर्व्यांनी कोहना मेसेज केला की दहावा रिबाउंड कुठून आला. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच आलं, की जुनी गोष्ट आहे, रविवारी बोलू. जुनी गोष्ट म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी झाकायचं असतं, असं सुर्व्यांनी ठरवून टाकलं. कोह नेहमी टोस्टचे पैसे आधीच का द्यायचे, डेरेकचं नाव निघालं की ते का हसायचे, सगळ्याला आता नवाच वास येऊ लागला.

स्मिताने विचारलं, "अहो, एका रेघेसाठी?"

"एक खोटी वाफ पुरते बॉयलर फुटायला," ते म्हणाले. इंजिनरूममध्ये असलं वाक्य त्यांनी कधीच खपवून घेतलं नसतं, पण रागात माणूस काहीही बोलतो.

रविवारी ते गेले नाहीत. लीगला मात्र सविस्तर मेल पाठवली, कच्च्या वहीच्या फोटोसकट. त्यात कोहचं नाव घातलं, आणि घालताना त्यांना बरंही वाटलं.

बुधवारी कोहनी घरी बोलावलं. चोर स्वतःच बोलावतोय, बघू काय सारवासारव करतो, असं म्हणत सुर्वे बसने हौगांगला गेले. कोहनी एक प्लास्टिकची फाइल पुढे केली. त्यात पहिल्या सामन्याचा मूळ पक्का तक्ता होता. आठ नंबरपुढे नऊ रेघा एका शाईत, दहावी जरा वेगळी. आणि तिच्या शेजारी, जहाजावर दुरुस्ती केली की करायची तशी, इवलीशी सही होती: प्र. सु.

देवनागरीत. त्या टेबलावर देवनागरी येणारा माणूस एकच होता.

सुर्व्यांना सगळं आठवलं. त्या रात्री हुकलेले नेम भरले त्र्याहत्तर आणि रिबाउंड बहात्तर. एक बॉल कोणाच्याही हाताला न लागता रेषेबाहेर गेला होता. असा रिबाउंड खेळाडूच्या नावावर नाही, संघाच्या नावावर टाकतात, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. जहाजावर बेवारशी काही नसतं, हिशोब जुळलाच पाहिजे. डेरेकचे नऊ डोळ्यांसमोर लोंबकळत होते. त्यांनी तो त्याला देऊन टाकला, सही केली, आणि समाधानाने घरी जाऊन झोपले. कच्च्या वहीत नोंद करायची राहून गेली.

"आय नो इट्स युअर्स, लाह," कोह शांतपणे म्हणाले. "हू एल्स राइट लाइक दॅट?"

मग त्यांनी सांगितलं, की काल त्या मेलवरून लीगचा फोन आला होता. दहावी रेघ माझीच चूक, असं कोहनी कळवून टाकलं. त्यामुळे शनिवारी यायची गरज नाही, असं लीगने त्यांना कळवलं. मी डेरेकचा कोच होतो, लोक माझ्यावर तसाही संशय घेणार. तुझं नाव कशाला मध्ये आणायचं, असं ते म्हणाले.

सुर्व्यांनी विचारलं की पंधरा वर्षं ही रेघ दिसत होती, तर एकदाही का नाही विचारलं.

कोहना प्रश्नच नीट कळला नाही. "यू नेव्हर एनीहाऊ राइट," ते म्हणाले, म्हणजे तू उगाच काहीबाही लिहीत नाहीस. "आय थॉट, शुअर गॉट रीझन."

सुर्व्यांनी तिथेच बसून फोनवर दुसरी मेल लिहिली. दहावा रिबाउंड माझा, सही माझी, आरोपही माझा. कोह यांना शनिवारी बोलवा. दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. कोह समोर बसून वाट बघत होते. मेल गेली, तरी सुर्व्यांना बराच वेळ मान वर करता आली नाही.