तीन गावांत वाजलेला आवाज

नगरच्या नियंत्रण कक्षात माझी बदली झाली तेव्हा वाटलं, बरं झालं, बंदोबस्तातलं उन्हात उभं राहणं सुटलं. आता खुर्ची, पंखा आणि कानाला हेडफोन. पहिल्याच आठवड्यात कळलं, की तिथे पाय दुखायचे, इथे जेवणाचा डबा तसाच परत जातो.

मी पोलीस शिपाई. संकटातल्या माणसाचा फोन आला की तो कुठे आहे ते शोधायचं आणि जवळची गाडी तिकडे धाडायची, हे माझं काम. समोर पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा असतो. चांगला मोबाईल असेल तर फोन करणारा त्यावर ठिपका होऊन उमटतो. साधा, बटणांचा फोन असेल तर ठिपक्याऐवजी भलंमोठं वर्तुळ येतं. माणूस त्यात कुठेतरी असतो.

थंडीचे दिवस होते. दुपारी तीनच्या सुमारास एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला.

"म्हातारी हिरीत पडली! लवकर या!"

"बाबा, गाव कुठलं?"

"पडली म्हंतो ना! मोटारीचा पाइप धरून हाय!"

"गाव सांगा, बाबा, गाव!"

"खर्ड्याकडं... आवो, लवकर या!"

त्यांना कमी ऐकू येत होतं. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मग त्यांनी फोन बंद न करता बहुधा खिशात टाकला, आणि विहिरीत वाकून ते बायकोशी बोलत होते ते मला ऐकू येऊ लागलं.

"आगं, पाइप सोडू नको! मी हाय हितंच, कुठं जात न्हाई."

खालून बारीक आवाज आला. शब्द कळले नाहीत.

"गप, काय हुत न्हाई तुला. तुज्याबिगर मी कुनाशी बोलू? तूच तेवढी मोठ्यानं बोलती माज्याशी."

पडद्यावर त्यांचं वर्तुळच उमटलं होतं, त्यात खर्डा आणि शेजारच्या दोन वाड्या होत्या. पोलिसांची गाडी निघाली, रुग्णवाहिकाही निघाली. पण शिवारात विहिरी का थोड्या असतात? गाडीने वळायचं कुठल्या बांधावरून?

आमच्याकडे आणखी एक सोय होती. गावात काही आक्रीत घडलं की एकच निरोप त्या गावच्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर एकदम, फोन आल्यासारखा वाजतो. मी पाळीवरच्या साहेबांना म्हणाले, "तिन्ही गावांना निरोप देऊ या."

"काय देणार? कुणाची तरी बायको कुठल्यातरी विहिरीत पडली?"

"माझ्या आवाजात नको, साहेब. बाबांचाच आवाज ऐकवते. कुणीतरी ओळखेल."

त्यांनी माझा हेडफोन कानाला लावून ऐकलं. "नवरा-बायकोचं बोलणं आहे ते. गावभर जाईल."

"जाऊ दे. मी नंतर माफी मागेन."

त्यांनी मान डोलावली. आमच्या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. म्हणून मी संगणकाच्या स्पीकरला फोनचा रिसीव्हर लावून धरला आणि ध्वनिमुद्रित झालेलं बोलणं जसंच्या तसं वाजवलं. शेवटी फक्त म्हणाले, "हा आवाज ओळखत असाल तर लगेच पोलिसांना फोन करा." निरोप गेला आणि मग माझ्या डोक्यात आलं, थंडीत त्या भागातलं निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. ऐकायला आहे कोण?

दोन-तीन मिनिटांत फोन आला. एक बाई धापा टाकत होती. मागे ट्रॅक्टरची घरघर.

"मॅडम, तो आवाज माज्या सासऱ्यांचा हाय!"

"तुम्ही कुठे आहात?"

"आमी पुणतांब्याला, ऊस तोडाया आलोय. शेजारच्या काकूला फोन केलाय मी, मानसं पळत निघाल्यात. तुमची गाडी खर्ड्याच्या किल्ल्याच्या मागच्या अंगानं घाला. निळी टाकी दिसंल, तीच आमची हीर."

जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, उसाच्या फडात उभी राहून ती मला वाट सांगत होती. मी ती शब्दाशब्दाने गाडीला कळवली. बाबांच्या अजून चालू असलेल्या फोनवर तोवर पावलं धावत आली, "आज्जे, दम धर" असं कुणी ओरडलं, दोर सोडा, कमरंला बांधा, ओढा. मग बराच वेळ नुसता गलका. शेवटी बाबांचा रडण्याचा आवाज आला आणि एक बाई म्हणाली, "आली, वर आली."

मी सुनेला सांगितलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिने विचारलं, "मॅडम, तुमचं जेवन झालं का?"

माझा डबा तसाच होता. पण मी "झालं" म्हणाले.

महिन्याभराने माझं जामखेडला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून खर्ड्याजवळच्या त्या वस्तीवर गेले. आजी बाजेवर, पायाला प्लास्टर. मी कोण ते सांगितलं आणि माफी मागितली.

"माफी कशाची?" आजी म्हणाल्या. "सारं गाव चिडवतंय ह्यास्नी. इतकी वर्सं झाली, कालवन चांगलं झालं म्हनून कवा तोंड उघडलं न्हाई ह्या मानसानं."

बाबा शेजारी बसून हसत होते. "काय म्हनती ही?"

"काय न्हाई!" आजी ओरडल्या. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाल्या, "ह्ये काय काय म्हनलं वो? गाववाले एक सांगत्यात, सून एक सांगती. मला खाली पान्यात नीट आयकूच आलं न्हाई."

ध्वनिमुद्रण बाहेर द्यायला परवानगी नसते. पण मला ते पाठ होतं. मी सांगितलं, जमेल तसं त्यांच्याच बोलीत. आजींनी मान खाली घालून ऐकलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बाबांना खूण केली, रानाकडे हात करून.

बाबा उठले आणि ओल्या हरभऱ्याचा भारा घेऊन आले. माझ्या दुचाकीच्या मागे बांधताना त्यांनी तो दोनदा सोडून पुन्हा आवळला, आणि मी निघाले तेव्हा आजी बाजेवरून त्यांना मोठ्यानं सांगत होत्या, गाठ नीट मारली का बघा.