सर्टिफिकेटावरचा जांभळा शिक्का

त्या देशाचं नाव मी इथे घेणार नाही. त्यांनी माझं सर्टिफिकेट मानलं नाही, मी त्यांचं नाव घेत नाही. फिट्टंफाट.

फौजेत मी पॅराशूट बांधायचो. बांधायचो म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण यवतमाळात तेव्हा बहुतेकांना वाटायचं की मी गाठोडी बांधत होतो. लांबलचक टेबलावर नायलॉनचं कापड पसरायचं, एकेक पट्टा सरळ करून दुमडायचा, दोऱ्यांत पीळ राहू द्यायचा नाही आणि एवढा सगळा पसारा लहानशा पिशवीत असा बसवायचा की आकाशात एका झटक्यात मोकळा व्हावा. शेवटी त्या पॅराशूटच्या कार्डावर बांधणाऱ्याने सही करायची. आणि नियम असा, की अधिकारी कधीही येणार, तुम्ही बांधलेल्यातलं कोणतंही एक उचलणार आणि म्हणणार, "हे घाल आणि मार उडी." मी कैक वेळा मारली. हे लिहायला उरलो, यातच काय ते समजा.

आमचा तांडा कळंबजवळचा. माझे पणजोबा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बैलाची पाठ सोलवटू नये आणि गोणी वाटेत सुटू नये, असं ओझं कसं बांधायचं ते आमच्यात पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकवत. फौजेतल्या उस्तादाने माझं पहिलं बांधलेलं पॅराशूट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कहाँ सीखा?" मी म्हणालो, "घर पे." त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हा मी मुदत संपवून घरी आलो. त्याच सुमारास कळलं, की समुद्रापलीकडच्या त्या देशात हौशी लोक गंमत म्हणून विमानातून उड्या मारताहेत आणि त्यांना पॅराशूट बांधणारे जाणकार हवे आहेत. मी अर्ज केला. सोबत फौजेने दिलेल्या पॅराशूट बांधण्याच्या सर्टिफिकेटाची नक्कल जोडणार, तर बाप आडवा आला. त्याचं म्हणणं, नक्कल कोण मानतो? जंगलखात्यापासून तहसिलीपर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडे अस्सल कागदच मागितला होता. इतकी वर्षं फौजेत काढूनही मी त्याचं ऐकलं आणि मूळ सर्टिफिकेट रजिस्टर पोस्टाने रवाना केलं. मूर्खपणा. कबूल.

ते परत आलं, पण त्याच्यावर आडवातिडवा जांभळा शिक्का मारलेला होता. इंग्रजीत लिहिलं होतं, 'या देशात ग्राह्य नाही.' सोबतच्या पत्रात आणखी मजा होती. आमची परीक्षा पास व्हा, तोवर आमच्या परवानाधारकाच्या हाताखाली काम करा. तुम्ही बांधायचं, सही तो करील. मी बांधायचं आणि सही त्याने! त्याच देशाचे सैनिक एकदा संयुक्त सरावाला आमच्याकडे आले होते. मी बांधलेली पॅराशूटं पाठीला लावून त्यांनी उड्या मारल्या, हसत हसत खाली आले आणि माझा हात धरून गदागदा हलवला. तेव्हा सगळं ग्राह्य होतं. मी पत्र चुलीत घातलं आणि सर्टिफिकेट पेटीत ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात आपल्याकडच्याच एका उड्डाण क्लबाला पॅराशूट बांधणारा माणूस हवा होता. नावं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून मागवली होती आणि मला कळलं त्याच दिवशी यादी जायची होती. असली जागा आपल्या मुलखात पुन्हा कधी निघणार? मी सकाळीच यवतमाळच्या कचेरीत जाऊन उभा राहिलो. कारकून मारेगावकडचा होता. त्याने सर्टिफिकेट पाहिलं आणि मान हलवली.

"भाऊ, हे तं रद्द झालं."

"कोनं केलं?"

"गोऱ्या सायबाचा शिक्का हाय ना इथं."

"वाचा ना, काय लिवलं हाय त्याच्यावर."

त्याने ओठ हलवत वाचलं. "'या देशात ग्राह्य नाही.'"

"मंग यवतमाळ कोन्त्या देशात हाय?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. कारकून हसला नाही. "तुमचं नाव शिंप्याच्या यादीत टाकून देतो. शिवता येते ना तुमाले?"

"येते. सैपाकबी येते. आचाऱ्याच्या यादीत काहून नाही टाकत?"

माणूस वाईट नव्हता. टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "ब्लेडानं खरडून आना तो शिक्का. कायले डोक्याले ताप?"

माझं डोकं फिरलं. खरडायला मी काय चोरी केली होती? माझा आवाज इतका चढला, की आतल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.

साहेब पुण्याकडचे, शांत. म्हणाले, "त्या देशाकडून खुलासा मागवा, की हा शिक्का फक्त त्यांच्यापुरता आहे."

"नाही मागवणार. माझ्या जिल्ह्यात काम करायला मी त्यांची परवानगी मागू?"

"मग आमच्याकडून काय हवंय?"

"माझं नाव यादीत घाला आणि तुमचा शिक्का मारा."

त्यांनी सर्टिफिकेट हातात उचललं. "मी आयुष्यात पॅराशूट पाहिलेलं नाही. उद्या ते उघडलं नाही, तर जबाबदार कोण?"

इतक्या लोकांनी इतके कागद पाहिले होते, पण हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. माझा आवाज आपोआप खाली आला.

"मी, साहेब. कार्डावर सही माझी असते."

त्यांनी यादी पुढे ओढली आणि सगळ्यात खाली माझं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मग सर्टिफिकेट उलटं केलं. "नोंदणीचा शिक्का आम्ही पाठीमागे मारतो."

"माझा पुढे मारा," मी म्हणालो.

"पुढे कुठे? जागा कुठे ठेवलीय त्यांनी?"

"त्यांच्या डोक्यावर मारा."

साहेबांनी शिक्का पॅडवर दोनदा दाबला, आणि तिथेच मारला.