बुटाचा नंबर कशाला?

"यात कायतरी लपवलंय," असं म्हणायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि कागद डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायचा, ही सुभेदारांची सवय. मग तो कागद डिझेलचं चलन असो की लग्नाची पत्रिका. एका पत्रिकेत नवऱ्या मुलाचं शिक्षण लिहिलेलं नाही, हे सगळ्यांच्या आधी त्यांनीच पकडलं होतं.

खालापूरच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे ते स्टोअरकीपर होते. त्याआधी सगळी नोकरी सैन्यात, रसद पोचवण्यात. बंदूक फारशी चालवली नाही, असं स्वतःच सांगायचे. पीठ, रॉकेल, बूट डोंगरावर चढवण्यातच वर्षं गेली. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. कामाला चोख, पण त्याच्यासमोर डबा उघडला की भाजी कुठून आणली याचा जबाब द्यावा लागतो.

तिकडे दूर दोन शेजारी देशांचं युद्ध चाललंय, त्याची बातमी ते रोज वाचत. कोण जिंकतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. रेल्वेचा पूल पडला का, डिझेल मिळतंय का, एवढंच बघत. एकदा पेपर घडी करत म्हणाले, "ताई, वर्षं झाली, लढाईची रेघ जागची हलत नाय. अशा वेळी गोळे संपले तर आणता येतात. माणसं कुठून आणणार?"

मी हसले होते.

त्याच सुमारास कर्जतला स्टेशनजवळ एका एजंटाने ऑफिस थाटलं. त्या लढणाऱ्या दोन देशांपैकी एकात, गोदामात सामान चढवण्या-उतरवण्याचं काम, लढाईपासून लांब, राहणं-खाणं फुकट. माझा धाकटा भाऊ नीलेश वेल्डर. कंत्राट सुटलं की महिना-महिना घरी बसायचा. त्याने नाव दिलं. कडावचा त्याचा मित्र महेशही तयार झाला.

मी फॉर्म सुभेदारांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"बुटाचा नंबर कशाला मागितलाय?"

"कामावर बूट देतात ना, काका," नीलेश म्हणाला.

"असंल. पगाराबद्दल दोन ओळी हायत. तू मेलास तर कोनाला कळवायचं, त्यावर पानभर लिवलंय. हमालाच्या मरणाची एवढी काळजी कोन करतं रं?"

नीलेश चिडला. सुभेदारांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "बरं, पासपोर्ट दे. माझ्या ओळखीच्या वकिलाला दाखवतो. उद्या देतो."

तो उद्या आलाच नाही. कधी विसरलो, कधी वकील भेटला नाही, असं करत त्यांनी पासपोर्ट दिलाच नाही आणि पहिली तुकडी विमानात बसली. महेश गेला. नीलेश राहिला.

घरात रडारड झाली. मी त्यांच्या पळसदरीच्या घरी जाऊन नको ते बोलले. "दुसऱ्या एजंटाचं काम करता का तुम्ही?" असंही विचारलं. त्यांनी पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. "पोलिसात जायचं तर जा, ताई. चूक हाय माझी," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. स्टोअरमध्ये सगळे त्यांच्यावर संशय घ्यायला लागले.

तीन महिन्यांनी महेशचा आवाजी निरोप नीलेशच्या फोनवर आला. वर्दी दिली, खंदक खणायला लावलंय, फोन काढून घेणार आहेत. पुढे काही नाही. कर्जतच्या ऑफिसला कुलूप होतं.

मी तो निरोप सुभेदारांना ऐकवला. "बघा, सांगितलं होतं ना," असं ते म्हणतील म्हणून मान खाली घालून उभी होते.

"खायला काय देतात, सांगितलं का?"

"दोन दिवसांतून एकदा येतं म्हणाला."

"म्हंजे गाड्या पुढं पोचत नाईत," ते म्हणाले. त्यांनी फोन परत दिला. "महेशचा पासपोर्ट मी मागितला नाय, ताई. ओळखीचा नव्हता ना तो."

त्या रविवारपासून ते कडावला महेशच्या वडलांकडे जायला लागले. दिल्लीला अर्ज, वकिलातीला अर्ज. उत्तर आलं की तेही डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे, काय गाळलंय ते शोधायचे. वर्षभर एक रविवार चुकला नाही.

यंदा माघात सुभेदार गेले. झोपेतच. तेराव्याला महेशचे वडील आले, न जेवता कोपऱ्यात बसून राहिले. निघताना मला म्हणाले, "पोरी, आता अर्ज कोन लिवनार गं?"

नीलेश अजूनही म्हणतो, त्यांनी पासपोर्ट अडकवायला नको होता, तो हक्क त्यांचा नव्हता. त्या दिवशी मात्र त्याने काही न बोलता त्या म्हाताऱ्याच्या हातातली अर्जांची फाइल घेतली आणि त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून कडावला सोडायला गेला.