बेंदराच्या पाटावरचा प्लेसिओसॉर

ये गं बाई, अशी जवळ ये. कागदावरच का हुईना, बस माझ्यापाशी. बेंदूर झाला आणि फणकाऱ्यानं साताऱ्याला गेलीस. आता गणपती तोंडावर आले, तरी आजीला एक फोन न्हाई. मास्तरीण हुणारी पोरगी अशी रुसती व्हय?

चुकलं माझं. पण नेमकं कुठं, ते मला अजून उमगत न्हाई, म्हणून पहिल्यापासनं लिवते.

कालेजातल्या प्रदर्शनासाठी तू म्हणलीस, "आज्जे, बेंदराला मातीची बैलं करतीस, तसा मला प्लेसिओसॉर करून दे." कोट्यवधी वर्सांमागचा समुद्रातला जीव म्हणं, आता एकपण उरला न्हाई. नाव मी चारदा विचारून वहीत उतरवलं. शाळा न्हाई बघितली, अक्षरं माझी मीच शिकले, पण असलं नाव कवा लिवलं नव्हतं.

काळी माती मळली. तू मोबाईलवर चित्र धरलंस. हाताच्या सवयीनं मी चार पाय काढलं.

"पाय न्हाईत गं, वल्ही हायत."

वल्ही केली. मान लांबवली, तर ती मोडून पडली. आत ज्वारीचं चिपाड घालून डौलात वर उभी केली, तर तू म्हणलीस, "अशी वर धरत नव्हता. सरळ पुढं."

"मग एवढी लांब मान कशाला?"

"ते शास्त्रज्ञांनापण पक्कं ठाऊक न्हाई."

घ्या! बरं, मासा म्हणावं तर मासा न्हाई. पाण्यात राहायचं आणि श्वासाला वर यायचं. सरड्या-सुसरीच्या गोतातला, पण अंडी न्हाई, पिल्लू द्यायचा.

"द्यायचा न्हवं, द्यायची," मी म्हणलं, तवा किती हसलीस!

माझं माहेर दुष्काळी माण तालुक्यातलं. घागरभर पाण्याला कोसभर चाललेली बाई मी, समुद्रातलं मला काय कळणार? तरी जीव लावून केला, आणि बैलांच्याच पाटावर वाळत ठेवला.

बेंदराला पूजा झाली. बैलांना हळदकुंकू, पुरणपोळी, आणि त्यालाच वगळायचं कसं? त्यालापण लावलं. दुसऱ्या दिवशी रिवाजापरमानं बैलं कालव्यात सोडली. शेवटी तो हातात आला. मला वाटलं, पाण्याचा जीव हाय, पाण्यात बरा. सोडला.

तू विचारलंस, "आज्जे, कुठाय?"

"पाण्यात."

"अगं, कच्च्या मातीचा हुता तो!"

चहापण न घेता गेलीस. मी मात्र अजून त्याच गोंधळात हाय. जन्मभर समुद्रात राहणारा जीव, कालव्यात डोळ्यांदेखत विरघळला की गं!

तुझं प्रदर्शन हुकलं, ते काय आता परत येत न्हाई. पण दुसरा केलाय. मान सरळ, वल्ही चार. फक्त डोळं राहिल्यात. बैलांना दोन बाजूंना गुंजा बसवते. याचं डोळं बाजूला का डोक्यावर? चित्र तुझ्या मोबाईलात. वाळला तर गुंजा बसायच्या न्हाईत, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलाय. रोज फडकं भिजवते. जास्त भिजवलं तर विरघळंल, कमी भिजवलं तर तडकंल.

सुट्टी बघत बसू नको. पलूसची एस्टी धर आणि लौकर ये.