वरच्या कोर्टात पुन्हा साक्ष

माझ्या मुलीला मोटारीनं उडवलं तेव्हा तिचा कोपर माझ्या हातात होता. जर्मनीतल्या एका शहरात, भर दुपारी. रस्ता सरळ होता, मध्ये चालणाऱ्यांसाठी सिग्नल होता. त्यातला हिरवा माणूस लागला आणि आम्ही दोघी उतरलो. डावीकडून गाडी आली ती थांबलीच नाही. मी बाजूला फेकले गेले, तळहात सोलले. तिचा गुडघा मोडला, खुबा मोडला, डोकं आपटलं.

डोकं आपटल्यानं त्या दुपारचं तिला काही आठवत नाही. घरातून निघालो ते आठवतं, त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. मधलं सगळं माझ्याकडे. गाडीवाला म्हणाला, त्याचा सिग्नल हिरवा होता, म्हणजे आमचा लाल. त्याची बायको शेजारी बसली होती, तिनंही तेच सांगितलं. आमच्या बाजूनं सांगणारी मी एकटी.

मुलगी इंजिनिअर. यंत्रांच्या चाचण्या घ्यायच्या, दिवसभर उभ्यानं. ते काम गेलं, कंपनीनं टेबलाचं काम दिलं. पण तिला खात होतं ते वेगळंच. रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला उभी राहणारी ती. आणि आपण लाल दिव्यात म्हाताऱ्या आईला घेऊन रस्त्यात उतरलो की काय, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना, केव्हाही विचारायची, "आई, नक्की हिरवा होता?" मी म्हणायचे, होता. थोड्या दिवसांनी पुन्हा विचारायची.

नुकसानभरपाईचा खटला आधी तिथल्या खालच्या कोर्टात चालला. मी भेटीच्या व्हिसावर जायचे, तो संपला की परत यायचे. साक्षीसाठी पुन्हा गेले. एकच न्यायाधीश होते. दुभाषी म्हणून मराठी बोलणारी एक बाई होती, लग्न करून तिकडेच राहिलेली. खरं बोलायचं, खोटं बोललात तर शिक्षा आहे, हे तिनं मला आधी सांगितलं. मग साक्षीदाराचं नाव, वय, नातं विचारायची पद्धत आहे. न्यायाधीशांनी पासपोर्ट बघून विचारलं, जन्म एक जूनचा ना? मी म्हटलं, कागदावर तसं आहे, पण ते खरं नाही.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर जन्मतारीख विचारायचे, आईबापांना ठाऊक नसायची, मास्तर एक जून टाकून मोकळे. माझ्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला. मी चौथीपर्यंत शिकले. दाखल्यावर एक जून राहिलं, तेच पासपोर्टवर आलं. माझी आई सांगायची, तू नागपंचमीनंतर चौथ्या दिवशी झालीस. म्हणजे श्रावण. साल मास्तरांनी अंदाजानं टाकलं. आता खरं बोला म्हणाले तर मी खरं बोलले.

गाडीवाल्याच्या वकिलाला आयतंच सापडलं. म्हणजे तुम्ही तुमच्या सरकारला खोटी तारीख दिली? म्हटलं, मी नाही दिली, मास्तरांनी दिली. खरं वय किती? म्हटलं, एखादं वर्ष इकडेतिकडे असेल. हिरवा दिवा किती सेकंद होता? गाडी किती मीटरवर होती? म्हटलं, मी मोजलं नाही. हिरवा होता एवढं मी सांगितलं आणि तेवढ्यावर मला उठवलं.

निकाल विरुद्ध गेला. जावयांनी तो वाचून मराठीत सांगितला. साक्षीदाराला स्वतःची जन्मतारीख सांगता येत नाही, सरकारी कागद चुकीचा आहे असं ती सहज म्हणते, वेळेचा नि अंतराचा तिला अंदाज नाही, सबब तिच्या सांगण्यावर भिस्त ठेवता येत नाही. जावई तसे शांत. त्या दिवशी मात्र कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "अहो आई, नुसतं हो म्हणायचं होतंत. कुणाचं काय बिघडलं असतं?"

"मग खोटं बोलू नका असं आधी कशाला सांगितलं?"

"ते जन्मतारखेसाठी नव्हतं."

"तसं सांगितलं नाही त्यांनी."

मुलगी ताट पुढे सारून उठली.

आमच्या वकीलबाईनं वर अपील केलं. त्या कोर्टाचं जर्मन नाव हातभर लांब, जावई न अडखळता म्हणायचे. मी वरचं कोर्ट म्हणायचे. मला वाटलं, वर गेलं की सगळं पहिल्यापासून. या वेळी नीट, तपशिलानं सांगायचं असं मी मनात घोकत होते. वकीलबाईनं ऑफिसात बसवून माझा गैरसमज काढला, मुलगी मराठीत सांगत होती. वरचं कोर्ट खटला नव्यानं चालवत नाही, खालच्याचं काम तपासतं. जे घडलं म्हणून खाली लिहिलं गेलं, ते वरचे धरून चालतात. त्यात शंका घ्यायला ठोस कारण दाखवावं लागतं. खाली सांगता येत होतं आणि सांगितलं नाही, असं काही नवीन वर सहसा चालत नाही. आणि अपिलात दम नाही असं तिन्ही न्यायाधीशांना वाटलं, तर कुणालाही न बोलावता ते नुसत्या पत्रानं प्रकरण संपवतात.

मी विचारलं, मग वर जायचा उपयोग काय? ती म्हणाली, एक गोष्ट आहे. ज्या साक्षीदारावर खालच्यानं विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर वरच्यांना ठेवायचा असेल, तर नुसते कागद वाचून ठेवता येत नाही. त्याला समोर बसवून स्वतः ऐकावं लागतं. "तुम्हाला बोलावणं आलं तर समजा, खालच्या निकालाची त्यांना शंका आली आहे."

मी परत घरी आले. मुलगी फोनवर सांगायची, ऑफिसातून आल्यावर काठी टेकत आधी ब्रीफकास्टन, म्हणजे दारातली पत्रपेटी, उघडते. वकिलाचं पाकीट दिसलं की स्वतः फोडत नाही, जावयांना फोडायला लावते. आत दुसरंच काहीतरी असायचं. त्या पत्रपेटीची मलाही इथे बसून धास्ती बसली. तिचा फोन नेहमीच्या वेळेआधी वाजला की मला वाटायचं, संपलं.

एके दिवशी माझंच बोलावणं आलं, तिच्या पत्त्यावर. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज मोकळा वाटला. माझं मात्र तसं झालं नाही. वकीलबाईचं म्हणणं डोक्यात होतं, पण मनात निराळंच चाललं होतं. ही बाई आपला पासपोर्ट चुकीचा म्हणते, असं तिकडच्या निकालात लिहून ठेवलंय. तो कागद व्हिसावाल्यांपर्यंत गेला असेल तर? त्यांच्यापुढे एक जून म्हणायचं आणि कोर्टात नाही म्हणायचं. कुठेतरी मी खोटी ठरणारच. मुंबईला व्हिसाच्या खिडकीपुढे उभी राहिले. खिडकीतल्या पोरीनं तारखेचं नावही काढलं नाही. तरी तिकडे उतरल्यावर धरतील अशी भीती विमानात होतीच.

कोर्टाच्या तारखेच्या आधी जावई मला शिकवायला बसले. ते न्यायाधीश व्हायचे, मी मी. "जन्म एक जूनचा?" "नाही." ते कपाळाला हात लावायचे, पुन्हा सुरुवात. शेवटी मुलगी म्हणाली, राहू दे, ती ऐकणार नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. मला ते लागलं.

साक्षीदारांना आपली पाळी येईपर्यंत आत बसू देत नाहीत. मुलगी आत, जावई आत, मी बाहेर व्हरांड्यात. समोरच्या बाकावर गाडीवाल्याची बायको, तीही साक्षीदार. ती पर्स उघडायची, बंद करायची. मग तिनं पेपरमिंटची गोळी काढून माझ्यापुढे धरली. मी मान हलवून नको म्हटलं. ती खोटं बोलत होती असं मला आजही वाटत नाही. पुढच्या चौकातला हिरवा तिला दिसला असेल. पण त्या दिवशी तिची गोळी माझ्या घशाखाली उतरली नसती.

आत काळ्या झग्यातले तिघे. मधले म्हातारे, कडेला एक तरुण बाई. मधल्यांनी पासपोर्ट बघितला आणि पहिलाच प्रश्न तो केला. एक जून बरोबर नाही असं तुम्ही खाली म्हणालात, आजही तेच म्हणणं आहे का? जावयांनी मान खाली घातलेली मला दिसली. मी म्हटलं, तेच आहे. मग तारीख कुणी घातली? सांगितलं. आई काय सांगायची? तेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे गेले. मी पुढच्या माऱ्याची वाट बघत होते, तो आलाच नाही. त्यानं मी जास्तच घाबरले.

मग म्हणाले, घरातून निघाल्यापासून सगळं सांगा. मध्ये कुणी तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, रस्ता ओलांडताना माणूस गाड्यांकडे बघतो, तुम्ही दिव्याकडेच का बघत होतात?

हे खाली कुणी विचारलं नव्हतं. मी दुभाषी बाईला म्हटलं, त्यांना सांग, "हे मी खाली सांगितलं नव्हतं. इथे नवीन चालत नाही असं ऐकलंय. सांगू का?"

कडेची तरुण बाई कागदात बघून हसली. मधले हसले नाहीत. "मी विचारतो आहे. सांगा."

मी सांगितलं. अपघाताच्या दोनच दिवस आधी मी एकटी त्याच सिग्नलला होते. दिवा लाल, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी उतरले. पलीकडून एक म्हातारा ओरडला, हातातली छत्री माझ्यावर उगारली, लोक बघायला लागले. भाषा कळली नाही, बोलणं कळलं. घरी मुलीनं सांगितलं, इथे लाल दिव्यात उतरत नाहीत, लहान पोरं बघून तसंच करतात. परक्याचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. तेव्हापासून त्या सिग्नलला मी इकडे बघत नव्हते की तिकडे. तो लाल माणूस जाऊन हिरवा येतोय का, तेवढंच बघायचे.

गाडीवाल्याच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे साक्षीदार लाल दिव्यात उतरतात."

"एकदा उतरले."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी हिरवा होता."

मुलीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. वकीलबाईच्या तोंडावरून मला काही कळेना. मला वाटलं, मागच्या खेपेला जन्मतारीख हातात दिली, या खेपेला लाल दिवा.

परतताना गाडीत जावई म्हणाले, तो छत्रीवाला कशाला काढलात, आई? मी म्हटलं, विचारलं म्हणून. निकाल लगेच देत नाहीत, पुढची तारीख देतात. ते दिवस वाईट गेले. मुलगी पाय लांब करून खिडकीशी बसायची. हिरवा होता का, हे तिनं विचारायचं बंद केलं. रोज विचारत होती ते परवडलं होतं.

वकीलबाईचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. खालचा निकाल बदलला होता. चूक गाडीवाल्याची. सविस्तर निकाल मागाहून आला. जावयांनी वाचला. जन्मतारीख शाळेत कशी घातली यावरून रस्त्यावर डोळ्यांना काय दिसलं ते ठरत नाही, खालच्या कोर्टानं इथे चूक केली. साक्षीदार स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट लपवत नाही. मोजलं नाही ते मोजलं नाही म्हणते. ती पक्षकाराची आई आहे, पण एवढ्यानं तिचं सांगणं खोटं ठरवता येत नाही. समोर ऐकून आमची खात्री पटली की दिवा हिरवा होता. मागितलेलं सगळं मात्र दिलं नाही, दोनतीन बाबी कापल्या.

मी जावयांना विचारलं, आणि या तिघांचं चुकलं असतं तर? ते म्हणाले, अजून एक कोर्ट आहे वर, पण ते साक्षीदारांना ऐकत नाहीत, नुसता कायदा बघतात. म्हणजे मला पुन्हा कुणी विचारणार नव्हतंच. हे आधी कळलं असतं तर त्या खोलीत माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

मुलीनं कागद स्वतःकडे ओढला, ते पान पुन्हा वाचलं. "म्हणजे मी चुकले नव्हते."

"दवाखान्यातच सांगितलं होतं तुला."

"तू आई आहेस. तू तसंच सांगणार."

मला राग आला. "त्या कागदात काय लिहिलंय ते नीट वाच. आई आहे म्हणून खोटी ठरवता येत नाही. तिघांनी सह्या केल्यात."

ती हसली. मग म्हणाली, "पुन्हा सांग. सगळं."

मी सांगितलं. खाली सांगितलं तेच, वर सांगितलं तेच. गाडी येईपर्यंत सांगितलं आणि थांबले. पुढचं तिला माहीत होतं.